दुहेरी सौद्यात न घालायचे पैसे

घडले ते असे.

१. माझे वडील हिरामण तरे १९८९ साली वारले. भिवंडीजवळच्या वळ येथील शेतजमिनीवर आई हौसा, मी आणि वडिलांचे धाकटे भाऊ केसरीनाथ अशी तीन नावे लागली.

२. १९९५ साली ती जमीन गोदामासाठी विकली गेली.

३. आईने आपला वाटा केसरीकाकांना गुंतवायला दिला. मी माझा बँकेत मुदत ठेवीत ठेवला.

४. काकांनी स्वतःचा आणि आईचा वाटा शेअर बाजारात दुहेरी सौद्यांत घातला.

५. १९९७च्या दिवाळीत त्यांनी सौद्याची एक बाजू काढून घेतली.

६. बाजार पडला. दोघांच्या पैशांतले तीनातले दोन भाग गेले.

७. या जानेवारीत माझ्या हृदयाची एक झडप निकामी होत चालल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया मुंबईत बुधवार दि. १७ मार्च रोजी आहे.

८. काकांना दुहेरी सौदा पुन्हा सुरू करायचा आहे. आई तयार आहे. दोघांकडे भांडवल नाही. माझ्याकडे आहे.

म्हणून मी, अनसूया हिरामण तरे, वय २७, वस्त्रतंत्र पदविकाधारक, नोकरी सूत तपासणी प्रयोगशाळेत, राहणार वळ, ता. भिवंडी, अविवाहित, हे मृत्युपत्र लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण कायद्याला त्याची अट नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे. साक्षीदारांच्या सह्या होणाऱ्या कागदात खोटे असू नये म्हणून तेही लिहून ठेवते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. व्यवस्थापक. माझ्या शाळेच्या गणिताच्या शिक्षिका श्रीमती सुमती गुप्ते, राहणार भिवंडी, यांना मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक आणि कलम ३मधील पैशांची विश्वस्त नेमते. बाईंनी होकार दिला आहे. होकार देताना त्या म्हणाल्या, "तुझा काका माझ्या दारात येऊन बसेल." मी म्हटले, बसेल. त्यावर त्यांनी विचारले, चहा द्यायचा का. द्यावा. सही देऊ नये.

कलम २. घर. वळच्या घरातील माझा हिस्सा आईला. तो तिने राहण्यासाठी वापरावा. गहाण टाकण्यापूर्वी गुप्तेबाईंना विचारावे ही विनंती आहे, अट नाही. घराला अट घातली तर आईला अपमान वाटेल.

कलम ३. पैसे. माझी मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी आणि गेल्या वर्षापासून घेत आलेली निर्देशांक योजनेची युनिट्स, हे सर्व आईच्या उपयोगासाठी आहे, परंतु आईच्या हातात द्यायचे नाही. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडले. आईला लिहिता-वाचता येत नाही हे त्याचे कारण नाही. कारण असे की काकांनी पुढे केलेल्या कागदावर ती अंगठा देते. १९९५मध्ये मी तिला अडवले तेव्हा ती म्हणाली, "मना कागदातला काय कलत न्हाय. पन तुजा काका चोर न्हाय."

काका चोर नाहीत. चोर असते तर हे कलम दोन ओळींत संपले असते.

दुहेरी सौदा काय आहे ते विश्वस्तांच्या माहितीसाठी लिहिते, कारण काका तो फार चांगला समजावून सांगतात आणि ऐकणाऱ्याला तो पटतो. सिमेंटची एक मजबूत कंपनी निवडायची आणि तिचे शेअर घ्यायचे. त्याच धंद्यातली एक कमजोर कंपनी निवडायची आणि तिचे शेअर हातात नसताना विकून ठेवायचे, म्हणजे भाव उतरल्यावर स्वस्तात घेऊन भरता येतात. बाजार चढला तर घेतलेल्यात फायदा, पडला तर विकलेल्यात. मजबूत कंपनी कमजोर कंपनीपेक्षा बरी चालली की झाले. मानकोलीच्या नाक्यावर उभे राहून काका लोकांना सांगत, "बाजार वर जाव नायतर खाली, आपला एक पाय जमिनीवर." गोदामवाल्यांकडून नुकतेच पैसे मिळालेली माणसे ते ऐकत असत. आपल्याकडे जमीन विकलेल्या माणसाला सर्वांत मोठी भीती हीच असते की आता पायाखाली काही नाही.

काकांच्या बाजूचेही लिहिले पाहिजे. १९९६मध्ये बाजार पडत गेला आणि त्यांचा सौदा टिकला. मी माझे पैसे तेव्हा सगळ्या बाजारात वाटून ठेवले असते तर ते बाजाराइतकेच पडले असते. त्या वर्षी काका बरोबर होते. बँकेत पैसे झोपवलेस, असे मला घरात म्हणायचे.

परंतु त्या टिकण्याची किंमत कोणी पाहिली नाही. घेताना दलाली, विकताना दलाली. दर हिशोबाला सौदा पुढे ढकलण्याचे व्याज, ज्याला बाजारात बदला म्हणतात, ते वेगळे. हे सगळे वजा केले तर चांगल्या वर्षातही हातात उरलेली रक्कम माझ्या मुदत ठेवीच्या व्याजाहून फारशी वेगळी नव्हती. आणि हे सर्व एका माणसाच्या डोळ्यांवर, झोपेवर आणि स्वभावावर चालले होते.

तो स्वभाव १९९७च्या धनत्रयोदशीला दिसला. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताची खरेदी करतात, विक्री कोणी करत नाही. काकांच्या खात्यात एक विक्री उभी होती. तीच त्यांच्या पायाखालची जमीन होती. पूजेच्या आधी त्यांनी ती मिटवून टाकली. पांडवपंचमीनंतर पुन्हा उभी करीन म्हणाले. मी प्रयोगशाळेतून परत आले तेव्हा आई करंज्या तळत होती आणि काका ओट्यावर कंदील बांधत होते. मी विचारले, मग घेतलेली बाजूही मिटवली का?

"ती कशाला मिटवू? ती तर खरेदी हाय," ते म्हणाले.

मी म्हटले, मग आता सौदा दुहेरी राहिला नाही.

"लक्षुमी दारात यायच्या टायमाला घरात विक्री उभी ठेवायची? चार दिवस गो. चार दिवसांत काय आभाल पडतंय?"

पूर्वेकडच्या देशांतली पडझड त्याच आठवड्यात आपल्या बाजारात पोचली. घेतलेली बाजू उधारीच्या पैशांवर होती, म्हणून तोटा दुणावत गेला. विकलेली बाजू नव्हती. पंचमीनंतर काकांनी विक्री उभी केली नाही, कारण इतक्या खाली विकणे त्यांना पटेना. बाजार आणखी पडला.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. चूक पूजेची नाही, पूजा मीही करते. संरक्षणाची बाजू कधी तरी नकोशी वाटते, अशुभ वाटते किंवा फुकटचा खर्च वाटते, आणि नेमकी तेव्हा ती काढली जाते. जी पद्धत एका माणसाने दर आठवड्याला नीट वागण्यावर उभी आहे, ती त्या माणसाइतकीच टिकते. काका सावध आहेत. तरी ते माणूस आहेत आणि त्यांना दिवाळी असते.

निर्देशांक योजनेत निवडायचे काही नसते. बाजारातल्या मोठ्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्या प्रमाणात सगळ्या थोड्या थोड्या घ्यायच्या आणि बसायचे. माझ्या कामात सुताची गाडी आली की व्यापारी स्वतः एका गोणीकडे बोट दाखवतो, ही बघा. आम्ही ती बघत नाही. प्रत्येक गोणीतून थोडे सूत काढतो. त्यातून उत्तम सूत कधीच मिळत नाही. गाडीत जे आहे ते मिळते.

ही योजना पडते. मी घेतल्यापासूनही पडून झाली आहे. विश्वस्तांनी त्यासाठी तयार असावे. पडलेली योजना पडलेली दिसते. दुहेरी सौदा पडत नाही असे दिसते, आणि एके दिवशी तो दुहेरीच नसतो. या दोन भीतींपैकी मी आईसाठी पहिली निवडते.

म्हणून विश्वस्तांनी असे करावे. आईच्या दोन वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत ठेवावी आणि त्यातून दरमहा तिला द्यावी. उरलेली सर्व निर्देशांक योजनेत ठेवावी. वर्षातून एकदा बँकेतली खर्च झालेली रक्कम योजनेतून भरावी. बाजार पडलेला असेल तर ते एक वर्ष थांबावे. दिवाळीला काही करू नये. कोणी मजबूत कंपनीचे नाव सांगितले तर ऐकून घ्यावे. आईच्या औषधासाठी मात्र काहीही, केव्हाही मोडावे.

कलम ४. साधने. सूत मोजायचे माझे भिंग आणि खिशातले गणकयंत्र प्रयोगशाळेत माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीस. भिंगाची काच उजवीकडे थोडी चिरली आहे, तिकडून मोजू नये.

कलम ५. साडी. गेल्या वर्षी अंबाडी गावच्या स्थळाकडून साखरपुड्याआधी आलेली हिरवी साडी परत करावी. माझ्या छातीत आवाज आहे हे कळल्यावर त्यांनी निरोप पाठवला, की मुलाला अजून दोन वर्षे लग्न करायचे नाही. त्याच वैशाखात त्याचे लग्न झाले. साडी इस्त्री करून ठेवली आहे. निरोप काही द्यायचा नाही.

कलम ६. केसरीकाकांकडे आईच्या पैशांबद्दल माझ्या वतीने कोणी काही मागू नये. त्यांचे स्वतःचेही तितकेच गेले. वडिलांची सायकल त्यांना द्यावी. मी नऊ वर्षांची असताना सांधे धरून ताप आला. त्याच तापाने ही झडप बिघडवली. तेव्हा वळवरून भिवंडीच्या दवाखान्यापर्यंत काकांनी मला त्याच सायकलच्या दांड्यावर आणले होते. वाटेत ते सारखे बोलत होते, कारण मी डोळे मिटले तर त्यांना भीती वाटत होती. सायकल चालू स्थितीत आहे.

कलम ७. अंत्यविधी साधा करावा. तेराव्याला जेवण घालायचे तर त्याचा खर्च कलम ३मधून करू नये.

शेवटी एक. डॉक्टरांनी सांगितले की अशा शंभर शस्त्रक्रियांत चार-पाच रुग्ण वाचत नाहीत. आकडा चांगला आहे. सगळ्या गोणींतून काढलेला आहे. मी दिवसभर अशाच आकड्यांवर सह्या करते. पण हा आकडा शंभर जणींना मिळून लागू आहे आणि मी एकटी आहे. दुसरे हृदय बाजूला ठेवता येत असते तर मी ठेवले असते, दलाली कितीही पडो. काकांना काय वाटत असेल ते मला या जानेवारीपासून कळते. म्हणूनच या भीतीत मी आईच्या पैशांचा निर्णय बदलणार नाही. तो मी भीती नसताना घेतला होता.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून त्यावर खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

सही: अनसूया हिरामण तरे

साक्षीदार १: माधव प्रभाकर कर्णिक, निवृत्त बँक कर्मचारी, भिवंडी
साक्षीदार २: सीताबाई महादू म्हात्रे, शेजारी, वळ

स्थळ: भिवंडी
रविवार, दि. ७ मार्च १९९९

या मृत्युपत्राची एक प्रत आजच केसरीनाथ तरे यांस हातपोच. त्यासोबत पुढील मजकूर:

काका, परवा तुम्ही मला म्हणालात, "मरायच्या आधी मरनाचा कागद? हा पन तुजा दुहेरी सौदाच झाला गो." तो तसा होऊ नये म्हणून ही प्रत आधी पाठवते.

रुग्णालयाला माझ्या गटाचे रक्त देणारी माणसे हवी आहेत. बी निगेटिव्ह घरात आपण दोघेच. आधी रक्त घेऊन नंतर हा कागद तुमच्यापुढे ठेवणे माझ्यासाठी सुरक्षित होते. तसे करायचे मनात आले होते. कलम ३ वाचून तुम्हाला राग येईल. ते मी बदलणार नाही. तुम्ही रक्त दिलेत तरी नाही, न दिलेत तरी नाही. कलम ६ही बदलणार नाही.

१७ तारखेला अमावस्या आहे आणि दुसऱ्या दिवशी पाडवा, हे तुम्ही आईला दोनदा सांगितलेत. मी डॉक्टरांना विचारले. तारीख पुढे जाणार नाही. रक्त आदल्या दिवशी, मंगळवारी द्यायचे आहे.

तुम्ही आला नाहीत तर मला दुसरे कोणी शोधायला चार दिवस लागतील. म्हणून येणार की नाही, एवढेच शुक्रवार दि. १२ मार्चच्या संध्याकाळपर्यंत कळवावे.