मोरस कुठे आहे

आप्पा,

मोर्शीला तुम्ही उगाच गेलात. हे आधी सांगून टाकते, कारण हे ऐकून पोट धरून हसला असता असे तुम्हीच एक, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मोर्शीला गेलात तेव्हा मी चौथीत होते. तुम्ही आकुर्डीहून चार दिवसांची रजा टाकून निघालात, कारण खात्यातल्या एका अमरावतीकडच्या माणसाने तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की मोरस म्हणजे आमची मोर्शीच राव, दुसरं काय असणार. तिथे तुम्ही आळीआळीने आपलं आडनाव विचारत फिरलात आणि परत आलात ते खांद्यावर संत्र्यांची गोणी घेऊन. दारातच म्हणालात, "माणूस नाय भेटला, पण संत्री झकास हायत." आठवडाभर आपण संत्रीच खात होतो. आईने साली वाळवून त्याचं उटणं केलं, आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुरलं.

तुमच्या आजीने तुम्हाला वाढवलं, आणि तिच्याकडून तुमच्याकडे आलेली इस्टेट म्हणजे एवढं एकच वाक्य होतं, 'धाकटा मोरसला गेला.' धाकटा म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन रत्नागिरीकडच्या त्या घरात आली तेव्हा तो पाच वर्षांचा, बिनआईचा. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, आणि तो सतरा-अठराचा झाल्यावर एकदा जेवायला बसलेला असताना रागाच्या भरात 'किती दिवस बसून खाणार' म्हणाली. तो भरल्या पानावरून उठला. दोन महिन्यांनी निरोप आला की मोरसला गेला. पुढे काही नाही. मोरस कुठे आहे हे निरोप आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. काही वर्षं वाट पाहून घरच्यांनी त्याला गेलेला धरलं, आणि दर पितृपक्षात त्याच्यासाठी एक पान जास्त मांडलं जाऊ लागलं. गावात, आणि मग तुम्ही नोकरीला इकडे आल्यावर आकुर्डीतही. त्या पानावर कुळथाची पिठी असायची, कारण त्या दिवशी तो पिठीवरूनच उठला होता.

पण घरात हरवलेल्या वस्तूला आपण 'मोरसला गेली' म्हणायचो, ही खोड तुमचीच. कात्री, रेशनकार्ड, माझी कंपासपेटी, सगळं मोरसला जायचं. एका रविवारी तुमचा डबा विसरला म्हणून मी कंपनीच्या गेटवर आले होते, तर आतून येणारा एक दाढीवाला सरदारजी दुसऱ्याला सांगत होता, "मेरा दस का पाना मोरस गया." तुमच्या लेथवरून ते सगळ्या खात्यात पसरलं होतं. मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता!

तुम्ही मला आयुष्यात एकदाच रागावलात, तेही याच शब्दावरून. समोरच्या खोलीतले काका वारले, आणि मी शहाणपणा करून म्हणाले, काका मोरसला गेले. तुम्ही जेवत होता. हात थांबला. "माणसाला असं म्हणायचं नाय," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता, पण मी घाबरले. "धाकटा कुठं मेला, कसा मेला, शेवटी त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं, आपल्याला ठाऊक नाय. आजी मरेपर्यंत हेच इचारत होती. मी पण तेच इचारतोय." मग माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तुम्हीच वरमलात आणि मला उरलेला पापड दिलात. तुम्ही मोर्शीला का गेला होतात ते मला त्या दिवशी समजलं. तुम्हाला तो माणूस सापडायला नको होता, तेवढं एक उत्तर हवं होतं.

ते उत्तर मला मिळालं, आप्पा. सांगते.

मी अजून चाकणच्याच कंपनीत आहे, तपासणी विभागात. तिथल्या माझ्या मैत्रिणीची सासू राजापूरची, चिखलीत लेकाकडे राहते. मागच्या वर्षी तिच्याकडे गेले तर चहाचा कप हातात देत म्हातारी म्हणाली, "बघ गो, मोरस कमी झाली काय?" मी कप तसाच धरून बसले. म्हटलं, काय कमी झाली? "मोरस गो. साखर. आमची आजी मोरसच म्हणायची. मोरस बेटावरनं बोटीतनं यायची ना ती." मैत्रिणीने फोनवर शोधून दाखवलं. मोरस म्हणजे मॉरिशस. तुमच्या आजीच्या तोंडी तो शब्द बरोबर होता, चुकलो आपणच. समुद्रापलीकडचं बेट आपण विदर्भात शोधत होतो! मी हसत सुटले आणि मग मला हसू आवरेना आणि रडूही, आणि ती बिचारी म्हातारी माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घालून मोकळी झाली.

तर मी गेले. तुमची लेक, जी लोणावळ्याच्या पुढे एकटी गेली नव्हती, ती विमानात बसली. तिथल्या एका संस्थेत उसाच्या कामाला नेलेल्या माणसांचे जुने कागद ठेवलेत. आपल्या गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की मी दोन दिवस त्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं. बापाचं नाव बरोबर, वय अठरा, उजव्या भुवईवर व्रण. तो व्रण तुमच्या आजीच्या गोष्टीत होता, आंब्यावरून पडल्याचा. कागदावरून त्याच्या घरची माणसं शोधून काढायला आणखी दोन दिवस लागले, आणि एका दुपारी मी उसाच्या मळ्यांमागच्या एका घराच्या दारात उभी होते.

दार उघडलं ते एका शाळामास्तराने. धाकट्याचा पणतू, तिथल्या शाळेत मराठी शिकवतो. हात जोडून म्हणाला, "भगिनी, आपले आगमन सुखरूप झाले काय?" मला वाटलं चेष्टा करतोय. नाही, त्याचं मराठी पुस्तकातूनच आलंय, त्याला दुसरं येतच नाही. मी म्हटलं, हो, झालं की. तर तो 'की' कशासाठी, असं त्याने लगेच विचारलं. तुम्ही असता तर त्याला तासाभरात आकुर्डीचं मराठी शिकवलं असतंत.

आत त्याची आत्या बसली होती, धाकट्याची नात, ऐंशीच्या पुढची. ती तिथली क्रिओल भाषा बोलते, मराठी शब्द मोजकेच. मास्तर मधे बसून इकडचं तिकडे करत होता. जेवायला वाढलं, आणि वाटीत पिठी! तिकडे कुळीथ नाहीत म्हणून मसुरीच्या पिठाची, पण नाव पिठीच. मास्तर म्हणाला की ही एरवी त्यांच्याकडे पितृपक्षातच होते, एका खास पानासाठी. कुणाचं पान, मी विचारलं. म्हातारीने थेट मराठीतच सांगितलं, "वयनीचं."

धाकटा गेल्यावर तीन-चार वर्षांनी तिकडे बातमी आली होती की आपल्या भागात प्लेगने गावंच्या गावं गेली. त्याने घरच्यांना गेलेलं धरलं आणि वहिनीचं पान मांडायला सुरुवात केली. म्हणजे, आप्पा, दोघं धडधाकट जिवंत, आणि वर्षानुवर्षं समुद्राच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना पिठी वाढतायत! मास्तराला हे समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मी ती पिठी दोनदा मागून खाल्ली. आजीच्या वाटणीची होती, मला हक्क होता.

मग मी तुमचा प्रश्न विचारला. मास्तराने तो आपल्या मराठीत नीट लावून घेतला आणि आत्याला सांगितला. तिने उजवा हात पुढे केला. आजोबा गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सकाळची वेळ, बाकीचे मळ्यात. आजोबांनी पाणी मागितलं, तिने वाटीतून पाजलं, अर्धी वाटी प्यायले. एवढंच. मी तो हात दोन्ही हातांत धरला. सुरकुतलेला, गरम, बोटांना हळदीचा वास. त्या क्षणी तुम्ही तिथे हवे होतात, आप्पा. इतके हवे होतात की मला तुमचा रागच आला.

ही बातमी तुम्हाला कळवावी म्हणून मी हे लिहायला बसले. इथे थांबायला हरकत नव्हती. पण म्हातारीने हात सोडवून घेतला नाही. तिने काहीतरी विचारलं, आणि मास्तर म्हणाला, "आत्या विचारते, आपल्या वडिलांना अखेरचे पाणी कोणी पाजले?"

मी म्हटलं, "मी."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मास्तराने त्याच्या वहीत आपल्या वंशावळीत तुमच्या नावापुढे तेही लिहून घेतलं.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी चाकणला होते. गाड्या तपासायला बाहेरची माणसं आली होती, फोन पिशवीत होता. मोशीच्या चौकातली गर्दी ओलांडून मी चिंचवडला इस्पितळात पोचले तोवर तुमच्या तोंडावर चादर होती. वॉर्डातल्या मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या, त्या माझ्याजवळ आल्या, काहीतरी सांगायला लागल्या, आणि मी त्यांना हातानेच थांबवलं. मग बारा वर्षं त्या रस्त्याने रोज जाते-येते. त्या मावशी तिथेच आहेत, इस्पितळाच्या गेटवर दोनदा दिसल्या. एका माणसाला सत्तर वर्षांमागे पाणी कुणी पाजलं हे विचारायला मी समुद्र ओलांडला, आणि तुम्हाला कुणी पाजलं, कुणी पाजलं तरी का, हे विचारायला त्या गेटाशी एकदाही उतरले नाही.