माझ्या नावाची मूठ

जळगाव,
१० सप्टेंबर २०२५

चि. अभिमन यास,

अक्काचे आशीर्वाद. मी इथे बरी आहे. आईचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. तिला रात्री दही देऊ नका. ती मागते, हट्ट करते, तरी देऊ नका. सूनबाईची, पुनमची, तब्येत कशी आहे ते भूषणला विचारलं होतं, त्याचा अजून निरोप नाही. सातव्या महिन्यात तिला पुण्यातल्या गर्दीतून कामावर जावं लागतं, म्हणून विचारलं.

आता तू म्हणशील, फोन असताना अक्काने पत्र का लिहिलं? रविवारी फोनवर तूच बोललास, मी फक्त "हो, ऐकते आहे" एवढंच म्हणत होते. माझं सांगायचं आलं तर तुझ्याकडे कोणीतरी आलं आणि तू फोन ठेवलास. पत्राचं तसं नाही. ते मधेच ठेवलंस तरी पुन्हा उचलावं लागतं. शिवाय परीक्षेसाठी रोज पानंच्या पानं लिहून माझा हात आता चांगला सरावला आहे.

तुझं म्हणणं मला समजलं. दसऱ्यानंतर तुझी दिपमाला पुनमच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाणार. तिथून होळीपर्यंत काही परत येत नाही. तू दिवसभर शेतात. मग आईजवळ कोण? तर अक्का. अक्काने जळगावची खोली बंद करावी, कॉलेज सोडावं, ट्रिपा बंद कराव्यात आणि गावी येऊन राहावं. "घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला ठेवायची," हे तुझेच शब्द. ते मी त्या दिवसापासून मनात घोळवते आहे.

वर तू असंही म्हणालास की या वयात ही सगळी नाटकं आहेत. त्या नाटकांबद्दल आधी सांगते.

मी एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीत उभी हयात काढली. शिर्डी, वणी, पंढरपूर, सुरत, जगाला तिकिटं काढून दिली आणि मी कुठे गेले? जळगाव ते गाव आणि गाव ते जळगाव. रिटायर झाले तेव्हा गुडघे धरलेले, साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, बाई, बसून बसून तुमचे पाय विसरलेत चालणं. म्हणून मेहरूणच्या तळ्यावर जायला लागले. मग तिथल्याच एका बाईच्या नादाने जिममध्ये गेले. तिथली मयुरी नावाची मुलगी माझ्याकडून वजनं उचलून घेते आणि मला "आजी" न म्हणता "मॅडम" म्हणते. तू भाऊबंदांसमोर मला पहिलवान म्हणालास, सगळे हसले, मीही हसले. पण हंपीला त्या दगडी पायऱ्या मी कुणाचा हात न धरता चढले. ते बघायला तुमच्यापैकी कोणी नव्हतं.

एम.ए.चं म्हणशील तर तिथे मी सगळ्यात थोराड. वर्गातल्या पोरी माझ्याकडून डबा खातात आणि मला मोबाईलवर नोट्स पाठवतात. समाजशास्त्र हा विषय मी का घेतला असं तू विचारलं होतंस. कारण सोपं आहे, खिडकीतून माणसं बघायची सवय होती. तिन्ही गोष्टी एकत्र बसवताना माझी तारांबळ उडते हे खरं आहे. पहाटे चालून आलं की वाचताना डुलकी लागते. ट्रिप ठरली की नेमकी अंतर्गत परीक्षा येते. ओडिशाला गेले होते तेव्हा सगळे समुद्रात पाय भिजवत होते आणि मी लॉजच्या ओट्यावर बसून निबंध लिहीत होते. परत आल्यावर आठवडाभर व्यायाम चुकला तर गुडघा लगेच आठवण देतो. दमते मी. पण अभिमन, हे दमणं माझं स्वतःचं आहे, आणि त्याची मला गोडी लागली आहे.

तर नोव्हेंबरात माझी परीक्षा आहे, म्हणून मला गावी यायला जमणार नाही. असं लिहून मी हे पत्र इथेच संपवणार होते. सोमवारी तेवढंच लिहिलंही होतं. मग ते फाडलं.

परीक्षा हे कारण नाही. परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते. आईसाठी मी तेवढं केलं असतं, आणि तुलाही ते पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तू हक्काने मागितलंस. कारण दुसरं आहे. ते तुलाही ठाऊक आहे आणि दिपमालालाही, पण कानबाईच्या त्या रविवारपासून आपण तिघंही त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

यंदा मी कानबाईच्या सणाला शनिवारीच आले. आजवर कधी जमलं नव्हतं. श्रावणात खिडकीवर रांगा, त्यामुळे रविवारी दुपारी धावतपळत यायचं, आयत्या ताटावर बसायचं, सोमवारी सकाळी कानबाईचं नदीवर विसर्जन झालं की परतीची गाडी. यंदा आमच्या अमृत सरांनी प्रकल्प दिला होता, आपापल्या घरच्या सणाचा. ते सोलापूरकडचे, त्यांना रोट म्हणजे काय ठाऊक नव्हतं. मी किती उत्साहाने सांगितलं त्यांना. म्हटलं, सर, आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ काढतात. जो पुण्यात आहे त्याच्या नावाची, जो सुरतेला आहे त्याच्याही नावाची. चक्की धुऊन घेतात आणि ते सगळं एकत्र दळतात. त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. शेजारी कितीही जीवाभावाचा असो, त्याला द्यायचे नाहीत. सर म्हणाले, म्हणजे घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे तुमच्याकडे पिठावरून कळतं. मी म्हटलं, अगदी बरोबर. मला तेव्हा या उत्तराचा केवढा अभिमान वाटला होता.

शनिवारी संध्याकाळी मी आले तर दळण होऊन आलेलं होतं. तू ओट्यावर बसला होतास. मी वही काढून तुला विचारलं, मुठी कोणाकोणाच्या घेतल्या? तू बैलाच्या दोराला गाठ मारत म्हणालास, "बठ्ठासन्या लिध्या, अक्का." मी लिहून घेतलं, सगळ्यांच्या घेतल्या.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. गेल्या खेपेपर्यंत मला तिथे कोणी येऊ देत नसे. तुम्ही प्रवासातून दमून आलात, बसा बाहेर, असं दिपमाला म्हणायची. मला ते माझे लाड वाटायचे. त्या दिवशी ती कानबाईचा नारळ सजवण्यात होती आणि पुनम कणीक मळत होती. परातीत मोठा गोळा, आणि बाजूला ताटलीखाली झाकलेला एक लहान गोळा. मी सहज विचारलं, हा कशाचा गं? बिचारीला वाटलं मला माहीतच आहे. ती हसून म्हणाली,

"आत्याबाई, हाऊ गोया तुमना शे. रोटनं पीठ तुमले कोठे चालस?"

मी विचारलं, गेल्या वर्षीही केला होता? तर म्हणाली, हो, सासूबाईंनी दाखवून ठेवलंय, दरवर्षी साध्या पिठाचा वेगळा करायचा.

अभिमन, मी तिथल्या पाटावर बसले. मला राग आला नाही आधी. लाज वाटली. इतकी वर्षं दिपमाला माझं ताट स्वतःच्या हाताने वाढायची आणि मी सगळ्यांना सांगायचे, बघा वहिनी कशी असावी. दुसऱ्या कोणी वाढलं असतं तर चुकून रोट माझ्या ताटात पडला असता, म्हणून ती वाढत होती. आणि मी दर वर्षी पहिला घास घेताना आबांची आठवण काढून डोळ्यांना हात लावायचे. साध्या पिठाच्या पोळीवर.

दिपमालाला विचारलं तर ती म्हणाली, कुळाचा नेम आहे, लग्न झालेल्या लेकीची मूठ तिच्या सासरी निघते, देवीचं काम आहे, चुकलं तर लेकरांवर येतं. तू दारात उभा होतास. तू काय बोललास ते मी तसंच्या तसं लिहिते, विसरला असशील तर वाच. "तुना पाय आते घरमा टिकस का अक्का? आज हंपी, उद्या कॉलेज. म्हणून यंदा नही लिधी."

यंदा. पुनमने मागच्या वर्षीचं सांगितलं, तिचे कणकेचे हात अजून धुवायचे होते, आणि तू म्हणालास यंदा.

मग मी आईकडे गेले. ती पलंगावर जपमाळ घेऊन बसली होती. तिला ऐकू कमी येतं पण हे तिला पहिल्याच वेळेला ऐकू आलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुना आबा गयात, तवयपासून ती मूठ बंद शे. मी काय करू?"

आबा गेले तेव्हा मी खिडकीत होते. माझं ना शिक्षण सुरू झालं होतं, ना फिरणं. मी तेव्हा तुझ्या भूषणला इथे ठेवून घेतलं होतं. त्याचं अख्खं कॉलेज माझ्या खोलीत झालं, त्याच्या टायफॉइडमध्ये मी उशाशी बसले. त्या सगळ्या वर्षांत श्रावण येत होते. म्हणजे ज्या वर्षी मी तुझ्या पोराला पेज भरवली त्याही वर्षी माझी मूठ नव्हती. आणि आता तू माझ्या पुस्तकांवर आणि प्रवासावर बोट ठेवतोस. अभिमन, ही पुस्तकं नंतर आली. तुम्ही मला त्याआधीच बाहेर काढलं होतंत, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

सासरी मूठ निघते म्हणे. पिंपळनेरचं ते घर मला दोन वर्षं पुरलं. त्यांनी दुसरी आणली, तिच्या नावाची मूठ तिथे निघते आणि निघावीच, तिने संसार केला. मला परत आणायला आबा स्वतः आले होते. त्या वर्षीच्या श्रावणात भाऊबंदांतले म्हातारे कुरकुरले तेव्हा आबांनी सगळ्यांसमोर मूठ भरली आणि माझं नाव घेतलं. तू तिथे होतास. मिसरूडही फुटलं नव्हतं तुला, पण होतास. नेम तेव्हाही हाच होता. देवी तेव्हा कुणावर कोपली?

तू विचारशील, मग तेव्हाच का नाही बोललीस? अंगणात अख्खी भाऊबंदकी जमली होती. पुनम घाबरून माझ्याकडे बघत होती, आपलं काही चुकलं असं तिला वाटत होतं. मी बाहेर येऊन पंगतीत बसले. दिपमालाने ताट आणलं. मी त्या वेगळ्या गोळ्याची पोळी खाल्ली, गंगाफळाची भाजी मागून घेतली, खीर चांगली झाली म्हणाले. परत आल्यावर सरांना सांगितलं की प्रकल्पाचा विषय बदलून द्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, या घराची माहिती मला पुरेशी नाही.

आता तुझ्या फोनचं उत्तर. मी गावी येणार नाही. देवीसमोर मी परकी आणि आईचं करायला मी घरची, अशा दोन्ही गोष्टी एका बाईला चालत नाहीत. निदान मला तरी नाहीत.

आईला मी टाकत नाही. दसऱ्याच्या आधी तिला इथे आणून सोड. खोली तळमजल्यावर आहे, पायरी नाही. मी तिला अंघोळ घालीन, औषधं देईन, पहाटे मी तळ्यावरून येईपर्यंत शेजारच्या बाई तिच्याजवळ बसतील. परीक्षेच्या दिवसांतही त्या येतो म्हणाल्या आहेत. त्यांचं माझं कुठलंच नातं नाही. आईवर माझा राग आहे, तो मी तिला बोलूनही दाखवीन, पण तिला जेवायला वाढून मग. जानेवारीच्या ट्रिपमधलं माझं नाव मी मागे घेतलं आहे. कॉलेज सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. हे पत्र वाचून तुला वाईट वाटेल. तू मुळात वाईट नाहीस, भित्रा आहेस. पुढच्या श्रावणात तू मूठ भरशील आणि माझं नाव घेशील, मला फोन करून सांगशीलही. तसं करू नकोस. आबांनी घेतली तेव्हा मी त्यांना काहीच दिलेलं नव्हतं, उलट घराला खाली बघायला लावून आले होते. आता तू घेतलीस तर ती आईला सांभाळल्याची मजुरी होईल. मजुरीचं पीठ मला नको.

आईच्या गरम कपड्यांची पिशवी वेगळी बांध. इथे थंडी जास्त असते.

"तुझी अक्का" असं लिहायला गेले, पण आज हात तिथे वळत नाही.

आबांची लेक,
पुष्पा