पाच मिनिटांत अकरा हाका

पिपरी मेघे, वर्धा
रविवार, सकाळ

आदरणीय नत्थूजी भाऊ यांना मधुकरचा वाकून नमस्कार.

रोहण्याला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? रुख्मावहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल, त्यांना थेंब टाकायचा कंटाळा करू नका म्हणावं. इकडे तब्येती ठीक आहेत. (माझी तेवढी नाही, पण ते ओघानं येईल.) तुमची बहीण धुरपता मजेत आहे. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि गेल्या रविवारपासून मला माझ्या आवाजाची धास्ती बसली आहे. म्हणून कागद घेतला.

झालं असं. वर्ध्यात एका मंडळानं हौशी लोकांसाठी लघुचित्रपटांची स्पर्धा ठेवली होती. मोबाईलवर काढलेली पाच मिनिटांची फिल्म, विषय ‘घर’. आमच्या शेजारची अपेक्षा, कॉलेजात शिकते, ती मला म्हणाली, काका, तुम्ही भाग घ्या. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं, हे मला आधीपासून वाटत होतं, फक्त कोणी विचारत नव्हतं. तीन दिवसांत मी कथा लिहिली. निवृत्तीच्या दिवशी शेवटची फेरी संपवून घरी निघालेला कंडक्टर. (कंडक्टर मीच.) ड्रायव्हर म्हणून बबनराव तलाठी, तेही निवृत्त. स्टेअरिंग कुठून आणणार, म्हणून त्यांच्या हातात टेबलफॅनची जाळी दिली. खाकी शर्टाची खालची तीन बटणं काही केल्या लागली नाहीत, तेव्हा मी छातीपासून वरच दिसेन असं ठरलं.

शूटिंग आमच्याच बैठकीत. अपेक्षा तिच्या फोननं फिल्म काढणार आणि माझा फोन मी धुरपताला दिला, की तू बाजूनं आमचं काम करतानाचं काढत राहा, पुढं आठवण राहते. तिनं बटण दाबलं. पण तिची कणीक मळायची राहिली होती, म्हणून ती आत गेली, फोन ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला आणि विसरली. तो तिथं सुरूच राहिला. हे मला त्या दिवशी कळलं नाही. अपेक्षाला आठ दिवसांनी माझा फोन चाळताना कळलं. तिनं ते कापून पाच मिनिटांचं केलं, काकूला दाखवलं आणि विचारलं, हेही पाठवू का तुमच्या नावानं? धुरपता म्हणाली, “पाठव बाई, कोण पाह्यते!” मला दोघींनीही सांगितलं नाही.

कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात होता. मी कोट घातला होता. माझी फिल्म नववी लागली. लोक हसले. फॅनची जाळी दिसली तेव्हा हसले तर एकवेळ ठीक, पण मी रिकाम्या बसकडे (म्हणजे आमच्या बैठकीतल्या खुर्च्यांकडे) पाहून डोळे पुसतो तिथंही हसले. (बबनराव वळण घेताना तोंडानं हॉर्न वाजवत होते, ते ऐनवेळी कापायचं राहिलं.) मी मान ताठ ठेवून बसलो. म्हटलं, पब्लिकला गंभीर चालत नाही.

मग बावीस नंबरला पडद्यावर एक ओटा आला. मला वाटलं, बरणी ओळखीची आहे. वर नाव आलं, ‘कणीक’, आणि खाली, धुरपता मधुकर. मी शेजारी पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून खाली पाहत होती.

भाऊ, त्या फिल्ममध्ये काहीच नाही. एक बाई परातीत कणीक मळते. तेवढ्यात बाहेरून आवाज येतो, “अवं, माहा चष्मा!” ती हात धुते, पदराला पुसते, जाते, येते, परत हात घालते. “अवं, सेफ्टीपिन आन!” पुन्हा हात धुते. मग पाणी. मग बबनरावांचा चहा, मग बबनरावांच्या चहात साखर. मग कुकरची शिट्टी बंद कर, शूटिंग चालू आहे. आवाज असा की शेवटच्या सीटवरच्या पासवाल्यालाही ऐकू जावा. सुरुवातीला सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मीही हसलो, खरं सांगतो. मला अभिमानच वाटला, की चेहरा नसताना नुसत्या आवाजावर मी एवढा हशा घेतला.

सातव्या हाकेला पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या. नवव्या हाकेला पुरुषही. अकराव्यांदा ती हात धुऊन बाहेर गेली आणि माझा आवाज आला, “काऊन बोलावलं होतं बा म्या तुले? जाऊ दे, भुललो.” ती परत आली. कणकेवर कोरडी पपडी आली होती. तिनं पाण्याचा हात फिरवला. बाहेर सगळं शांत होतं, कोणी काही बोलत नव्हतं. तरी एकाएकी ती थांबली, हात धुतले आणि म्हणाली, “आली जी.” आणि बाहेर गेली.

तेव्हा मी हाक मारली नव्हती, भाऊ. मी नीट आठवून पाहिलं. नव्हती मारली.

तिला दुसरा नंबर मिळाला. शाल आणि चषक. परीक्षक बाईंनी माईक देऊन विचारलं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली, “कुठीच नाई. फोन बंद कराचा राह्यला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी विचारलं, तो आवाज कोणाचा? बबनरावांनी (तीस वर्षांची मैत्री, भाऊ) सरळ माझ्याकडे बोट केलं. सगळं सभागृह वळलं. मी कोटाच्या बटणाकडे पाहत राहिलो. तेव्हा धुरपता माईकमधून म्हणाली, “त्यायचा आवाज एसटीचा हाय. गाडीत बोलून बोलून तसा झाला. मनानं वाईट नाई ते.” तिनं मला चारचौघांत रागावलं असतं तर मी सोसलं असतं. तिनं माझी बाजू घेतली.

घरी आल्यावर मला तहान लागली. तोंड उघडलं आणि मिटलं. उठून स्वयंपाकघरात गेलो. पेले कुठं असतात हे मला ठाऊक नाही, हे तिथं गेल्यावर समजलं. तीन डबे उघडले, तिन्हींत डाळी. शेवटी तांब्यानंच प्यायलो आणि निम्मं अंगावर सांडलं. ती दारात येऊन पाहून राहिली होती. घाबरली. कपाळावर हात ठेवून म्हणाली, “बरं नाई वाटून राह्यलं काय तुमाले? डॉक्टरकडे जाचं काय?” बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हातानं पाणी घेतलं, तर बायकोला ताप वाटतो. आता चहा मी करतो. पहिल्या दिवशी बबनराव अर्धा कप ठेवून गेले, काल पूर्ण प्यायले.

आता कामाचं. धुरपता आणि अपेक्षा बुधवारच्या गाडीनं चार दिवसांसाठी रोहण्याला येत आहेत. धुरपताला रुख्मावहिनींवर फिल्म करायची आहे. वहिनी लाजतील, पण नाही म्हणू देऊ नका. सर्वांना यथायोग्य सांगा, लहानांना आशीर्वाद.

तुमचाच,
मधुकर

ता.क. : खरं लिहायचं ते लिहिलंच नाही. अठ्ठ्याण्णव साली आम्ही आर्वीला भाड्यानं असताना तुम्ही धुरपताचा अंगणवाडीचा अर्ज भरून दिला होता. तिची निवड झाली नाही म्हणून तुम्ही आजही त्या कार्यालयाला शिव्या घालता. घालू नका. कार्यालयाचा दोष नाही. ऑर्डर आली होती, पोस्टमननं माझ्या हातात दिली आणि मी ती तिकिटाच्या बॅगेत कोंबली. ड्यूटीवरून आलो आणि दाराला कुलूप असलं तर, एवढंच माझ्या मनात आलं होतं. तिला हे सांगायची माझ्यात हिंमत नाही. तिकडं आल्यावर तुम्ही सांगा. मोठे भाऊ आहात, तुमच्या तोंडून तिला कमी लागेल.

ता.क. दुसरा : वाचून हे पत्र फाडून टाका.

(याखाली वेगळ्या अक्षरात)

भाऊ, नमस्कार. पाकिटाले गोंद लावाले त्यायनं मलेच देल्लं, म्हणून वाचलं. ते ऑर्डर मले आठव्याच दिवशी बॅग झटकतानी सापडलं होतं. परत तिथंच ठेवलं. हे सोताहून आज सांगतीन, उद्या सांगतीन म्हणून वाट पाहून राह्यली. सत्तावीस वर्षं झाले. बुधवारी मी त्यायले संग घेऊन येतो. तुमी मले काई सांगू नका, अन् मले मालूम हाय हे त्यायलेबी सांगू नका. त्यायच्याच तोंडून ऐकाचं हाय मले.

धुरपता