पिट्सबर्गचं वाण

वॉलाँगाँग,
मार्चचा पहिला रविवार

तीर्थरूप वीणाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे यतिनचा, वाकून नमस्कार. (वाकून हे फक्त कागदावर. कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या मिहिरने आणलेला तो पट्टा तू खरंच बांधतेस की आईच्या चष्म्यासारखा कपाटात जपून ठेवला आहेस? इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून सांगतो की सुखदा खुशाल आहे आणि उर्वी युनीचं नवं सत्र सुरू झालं तरी खुशाल आहे. मी खुशाल नाही. रक्तदाब वाढला आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की घरी काही ताण आहे का. मी म्हणालो, घरी नाही, पिट्सबर्गला आहे. त्यांना वाटलं तिकडे आपलं कोणी आजारी आहे, आणि मला ते खोटं आहे असं म्हणवेना.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला रागावू देत नाहीस. मी जरा सूर लावला की तू विचारतेस, जेवलास का, आणि राग निम्मा होतो. हा राग मला निम्मा करायचा नाही. भाऊजी होते तोवर माझं फुटबॉलपुराण ऐकणारा एक माणूस या देशात होता. (त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते मध्येच 'मग अंपायर काय म्हणाला?' असं विचारायचे, आणि तेवढं मला पुरे व्हायचं.) त्यांना जाऊन सात वर्षं झाली. सात वर्षांचं साठलेलं आहे, तेव्हा चष्मा लाव आणि बस.

माझा पिवळा टॉवेल हरवला आहे. धड टॉवेल म्हणावा एवढा मोठाही नाही, हातरुमालाचा थोरला भाऊ म्हण. पण तो आमच्या टीमचा टॉवेल आहे, त्याला तिकडे 'टेरिबल टॉवेल' म्हणतात आणि साठ-सत्तर हजार माणसं स्टेडियममध्ये तो डोक्यावर गरागरा फिरवतात. मला तो वॉल्टरने दिला होता. वॉल्टर तुला आठवेल, आमच्या कारखान्यात पिट्सबर्गहून तीन वर्षांसाठी आलेला तो म्हातारा, ज्याने तुझ्या हातचं लिंबाचं लोणचं नुसतं चमच्याने खाल्लं होतं. मी इथे नवा होतो तेव्हा लंचरूममध्ये सगळे रग्बीवर बोलायचे आणि मी डब्याकडे बघत बसायचो. तेव्हा वॉल्टर माझ्या शेजारी बसला आणि त्याने कागदी नॅपकिनवर मला अमेरिकन फुटबॉल शिकवला. परत जाताना विमानतळावर खिशातून टॉवेल काढून माझ्या हातात दिला. त्याच्या एका कोपऱ्यात चण्याच्या डाळीएवढं भोक आहे, ते आमच्या अंगणातल्या बार्बेक्यूची ठिणगी पडून झालेलं. दर सप्टेंबरात सीझन सुरू झाला की वॉल्टरचा फोन येतो, आणि माझ्या प्रकृतीच्या आधी तो टॉवेलची चौकशी करतो. आता येत्या सप्टेंबरात मी त्याला काय सांगू?

तू म्हणशील, अरे, पण हीच टीम का? तर ताई, पोर्ट केम्बलाच्या पोलादाच्या भट्टीपुढे आयुष्य काढलेल्या माणसाने स्टीलर्स नावाची टीम सोडून दुसरी कुठली धरायची? त्यांच्या हेल्मेटवरचं चिन्हसुद्धा पोलाद उद्योगाचं आहे. फक्त ते हेल्मेटच्या एकाच बाजूला लावतात. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही मंडळी काम अर्धवट सोडणारी आहेत. सहा सुपर बोल, म्हणजे सहा वर्षांच्या फायनल, जिंकले, कबूल. पण २०१७च्या जानेवारीनंतर प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेरीतला, एक सामना जिंकलेला नाही, एक! कोच एकोणीस वर्षांत कधी नापास झाला नाही असं कौतुकाने सांगतात. अहो, पण पास होणारी मुलं गल्लीत पैशाला पासरी मिळतात, आम्हाला वर्गात पहिला यायचं होतं. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो तो! तरुण मुलगा तयार करण्याऐवजी यंदा बेचाळिशीतला रॉजर्स आणला. फार मोठा खेळाडू, मान्य, पण सत्काराला बोलवायचा माणूस आणि सामन्याला उतरवायचा माणूस यात काही फरक करावा की नाही? सिडनीच्या बँक्सटाउनचा मायलाटा, सहा फूट आठ इंचांचा डोंगर, रग्बी सोडून तिकडे गेला. ड्राफ्टच्या, म्हणजे नवी पोरं वाटून घ्यायच्या, सातव्या फेरीपर्यंत त्याला कोणीही उचलू शकत होतं. आमच्या डोळ्यांसमोरून तो पिट्सबर्गच्याच राज्यातल्या फिलाडेल्फियाकडे गेला आणि सुपर बोल जिंकून बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बाकीच्यांचं तर बोलायलाच नको. डॅलसवाले स्वतःला 'अमेरिकेची टीम' म्हणवतात. तीस वर्षांत सुपर बोलचं तोंड पाहिलं नाही, पण आमच्या दारी हत्ती झुलत होते हे सांगणं काही थांबत नाही. (आपले सदाशिव पेठेतले काका आठव.) बफेलो चार वर्षं ओळीने फायनल हरली, त्याला निदान चिकाटी तरी लागते. बॉल्टिमोर ही आमची भाऊबंदकी, तिच्याबद्दल मी लिहिणार नाही, हे पत्र पोस्टातून जायचं आहे. आणि कॅन्सस सिटी. टीमवर माझा राग नाही, कुशलवर आहे. कुशल म्हणजे आमच्या खात्यातला तो नागपूरचा. तीन वर्षं माझ्याबरोबर स्टीलर्स, स्टीलर्स करत होता, कॅन्सस सिटी जिंकायला लागल्यावर एका सोमवारी लाल टोपी घालून कामावर आला. यंदा ते प्लेऑफलाही पोचले नाहीत, तर ती टोपी आता उन्हासाठी आहे म्हणे. घरजावईसुद्धा याच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

तर आता भोगीचा दिवस. तेरा जानेवारी, मंगळवार, दुपारी सव्वाबारा. अमेरिकेत सोमवारची रात्र, इथे आमचं जेवण. मी रजा टाकली होती. सुखदाने तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी असं ताट टीव्हीसमोर आणून दिलं, कारण न खाई भोगी तो सदा रोगी. मी टॉवेल मांडीवर घेऊन बसलो. शेवटचं क्वार्टर सुरू झालं तेव्हा ७-६, म्हणजे एका गुणाने मागे. मी सुखदाला हाक मारली की ये, बघ, आता गंमत होते. गंमत झाली. ३०-६! आमच्या घरात येऊन ह्यूस्टनने मारलं. त्यांच्या बचाव करणाऱ्या पोरांनीच दोन टचडाउन केले आणि आमच्या सगळ्या टीमला मिळून एक जमला नाही. उर्वी तेवढ्यात खाली आली आणि स्कोअर बघून म्हणाली, 'डॅड, पिक अनदर टीम, मेट.' बापाला मेट म्हणतात ताई, आणि धर्म बदलायला सांगतात. दुसऱ्या दिवशी संक्रांत. बातमी आली की कोचने राजीनामा दिला. त्याला निदान ती सोय होती.

त्याच संक्रांतीला दारात खोकं आलं. मी अमेरिकेहून चोवीस नवे पिवळे टॉवेल मागवले होते, हा सामना जिंकल्यावर कारखान्यातल्यांना वाटून इथे मंडळ काढायचं म्हणून. टीम हरली आणि टॉवेल पोचले. सुखदाने विचारलं, यांचं काय करायचं? मी म्हणालो, काय वाटेल ते कर, लुटून टाक सगळे, मला त्यांचं तोंड दाखवू नकोस.

आता मला सांग, रागात बोललेल्या माणसाचा शब्द कोणी असा पकडतं का? सुखदाने पकडला. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, आणि तिने ते लुटले. वाण म्हणून. चोवीस सवाष्णींना, तिळगुळासकट. (पिवळा रंग, हळदीला शोभला, असं सगळ्या म्हणाल्या म्हणे.) मला नेहमीप्रमाणे दुपारी घराबाहेर काढलेलं होतं. संध्याकाळी आलो आणि खण उघडला, तर त्यातला वॉल्टरचा टॉवेलही नाही. सुखदाला विचारलं तर 'असेल कुठेतरी' म्हणाली आणि पातेली आवरायला लागली. म्हणजे त्या ढिगात मिसळून तोही गेला.

तेव्हापासून मी गावभर हिंडतो आहे. अकरा घरं झाली. दार उघडलं की मी म्हणतो, वहिनी, ते वाण जरा बघायला मिळेल का. चित्रलेखावहिनींनी त्यात देवाची पितळी भांडी गुंडाळून ठेवली होती, ती मी जमिनीवर बसून एकेक काढली. यामिनीच्या बाळाच्या गळ्यात होता, त्याने सोडला नाही, तर मी बाळाला खिडकीपाशी नेऊन उजेडात भोक शोधलं. एका घरी नवऱ्याने गाडी पुसून काळा केला होता, आणि तो मला हसून 'नो वरीज' म्हणाला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रूपवर आता माझं नाव झालं आहे, बायकोने दिलेलं वाण परत मागत फिरणारा माणूस. आपल्या सात पिढ्यांत हे कोणी केलं नसेल. अकराही टॉवेल बिनभोकाचे निघाले. सुखदा माझ्याशी नीट बोलत नाही, आणि खरं सांगतो ताई, टीमपेक्षा आता मला याचंच जास्त लागतं आहे की ज्या एका वस्तूला मी या घरात माझी म्हणत होतो, तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

मिहिरला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
यतिन

ता. क. १ : आता मुद्द्याचं. काल तू लोणच्याच्या बरणीचा फोटो पाठवलास. बरणीच्या तोंडाला पिवळं फडकं बांधलं आहे. मी फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात भोक आहे. ताई, तो माझा आहे. चुकून तुझ्या हाती गेला असणार. पत्र मिळताच एक्सप्रेस पोस्टाने पाठव. धुऊ नकोस. बदली मी तुला कोरा टॉवेल, वाटलं तर सहा टॉवेल, घेऊन देतो.

ता. क. २ : वरचं सगळं पाकिटात घालण्याआधी सुखदाने वाचलं. चुकून नव्हता गेला. ती सांगते की भाऊजी गेल्यापासून दर वर्षी आमच्या हळदीकुंकवाला तू येतेस, आणि आल्या आल्या 'मी आत बघते' म्हणून स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांची कॉफी करतेस. यंदा तिने तुला हात धरून बाहेर आणलं, सगळ्यांमध्ये बसवलं आणि कुंकू लावलं. तू म्हणालीस, 'मला नको गं, सवय राहिली नाही.' आणि सुखदा वाण द्यायला वळली तर खोकं रिकामं. मोजताना तिने तुला धरलंच नव्हतं, हे सांगताना ती रडली. मी विचारलं, मग माझाच का दिलास? ती म्हणाली, 'ताईंना मी संपलं असं कसं सांगणार होते? त्यांनी ते लगेच खरं मानलं असतं.'

ताई, सात वर्षं त्या दिवशी मी घराबाहेर असायचो आणि तू आत, आणि यात काही चुकतं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला लाज वाटते. ता. क. १ खोडायला घेतला होता, पण खोडलेलं तू आधी वाचतेस हे मला माहीत आहे. पाठवू नकोस. तुझा आहे. वॉल्टरला आजच फोन केला. टॉवेल बहिणीला दिला म्हणालो. त्याने विचारलं, तिला फुटबॉल कळतो का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग ती तरी सुखात राहील.

ता. क. ३ : पुढच्या संक्रांतीला लवकर ये आणि हॉलमध्ये बस. कॉफी मी करीन.