घडीच्या सायकलींविषयी अण्णास सविस्तर

डोंबिवली (पश्चिम),
४ मे १९९२

तीर्थरूप अण्णांस मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आपला रक्तदाब आता ताब्यात असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि महाडला उकाडा इथल्यापेक्षा कमी असेल अशी आशा आहे. (पहिल्या दोन ओळी 'आपण' लिहायचं हे बाबांनी लावलेलं वळण. त्या झाल्या. आता मी आपली 'तू'वर येते.)

तर अण्णा, पत्रास कारण की तुझी बहीण मुख्याध्यापिका झाली आहे. म्हणजे झाली नाही, व्हायचं की नाही ते वीस मेपर्यंत लेखी कळवायचं आहे, आणि पंधरा जूनला हजर व्हायचं आहे. शाळा खाडीच्या पलीकडे. रस्त्यानं जायचं तर आधी कल्याण, मग भिवंडी, मग जे मिळेल ते, असे एका बाजूला अडीच तास. मोठागावच्या बंदरावरून होडीनं गेलं तर खाडी पंधरा मिनिटांत पार, पण पलीकडच्या काठापासून शाळा चार किलोमीटर, आणि त्या रस्त्यानं माणसाला नेणारं काहीही चालत नाही. (रेतीचे ट्रक जातात. त्यात मुख्याध्यापिका शोभत नाही.) नकार दिला तर नाव यादीच्या तळाशी, आणि तिथून ते मी रिटायर होईपर्यंत वर यायचं नाही. घरात सगळ्यांचं मत नकाराचं. यांनी तर मला न विचारता नकाराचा मसुदाच लिहून ठेवला. यांचं ड्रॉइंग ऑफिसमधलं अक्षर तू पाहिलंच आहेस. इतका देखणा नकार आमच्या खात्यात आजवर कुणी दिला नसेल. कागद जाड होता, म्हणून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर मी सायकलींच्या तुलनेचा तक्ता आखला.

सायकलच का, ते सांगते. साधी सायकल होडीतून नेता येईल का, हे मी आधी विचारून आले. होडीवाला गोमाजी नाखवा हा तत्त्वाचा माणूस आहे. सायकल आडवी ठेवली तर तीन माणसांची जागा खाते आणि उभी ठेवली तर कुणाच्या तरी अंगावर पडते, म्हणून सकाळच्या फेरीला तो ती घेतच नाही. मासळीच्या टोपल्या चालतात, कोंबड्या चालतात, गेल्या महिन्यात लग्नाचा पलंग गेला. सायकल नाही. तेव्हा मला हवी होती ती होडीत सामान असणारी आणि काठावर सायकल होणारी वस्तू, आणि तशी वस्तू ठाण्यात वर्तकनगरला यांच्या चुलतभावाच्या माळ्यावर पडलेली आहे हे मला एका हळदीकुंकवात कळलं.

हा भाऊ मस्कतहून परत येताना ती घेऊन आला होता. नारिंगी रंग, चाकं पोळपाटाहून थोडी मोठी, आणि मधोमध बिजागरी. तीन वर्षं तिच्यावर गाद्या रचलेल्या. मागितल्याबरोबर त्याच्या बायकोनं इतक्या आनंदानं दिली की मला तिथेच शंका यायला हवी होती. सायकलीची घडी उत्तम पडत होती, पण कडी सैल होती, त्यामुळे घडी टिकायची ती सायकलीच्या मर्जीनं. ठाण्याहून कल्याणच्या एसटीत मी ती पायाशी धरून बसले. एका खड्ड्यात ती जी उघडली, ती समोर बसलेल्या गृहस्थांच्या धोतराचा सोगा चेनमध्ये घेऊनच थांबली. गृहस्थ निवृत्त तहसीलदार निघाले. (सोगा सुटेपर्यंत त्यांचा थांबा मागे गेला. तरी रागावले नाहीत. उलट चेनला खोबरेल घालू नका, शिवणयंत्राचं तेल घाला, असं उतरताना सांगून गेले. मी खोबरेलच घातलं होतं.)

कडी दुरुस्त करायला मी सायकल ठाकुर्लीला आमच्या शाळेजवळच्या विठ्ठल सायकलवाल्याकडे नेली. त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, यात काय एवढं, बाई, परदेशी कशाला, मी तुम्हाला देशीच करून देतो. आत्मविश्वास ही गोष्ट मला माणसात आवडते, म्हणून मी हो म्हटलं. त्यानं एक जुनी लेडीज सायकल मधोमध कापली आणि तिला कंपाउंडच्या फाटकाची बिजागरी बसवली. काम भक्कम. अडचण एवढीच, की घडी घातली की हँडल एका अंगानं बाहेर, पायडल दुसऱ्या अंगानं बाहेर, आणि एकूण सायकल उघडी असताना लागते त्याहून जास्त जागा घेते. शिवाय घडी घालताना अशी कुरकुरते की आसपासची माणसं आत कोण आलं म्हणून मागे वळून बघतात. हे मी विठ्ठलला दाखवलं, तर त्याचं म्हणणं, घडी तर होते ना? बावीस वर्षं मी पोरांचे असेच पेपर तपासते आहे. उत्तर चुकलं, रीत बरोबर. निम्मे गुण दिले आणि पुढे गेले.

पुढे म्हणजे सुधारणा. नारिंगीचं अंग ठेवलं, तिला देशीची फाटकाची कडी लावली (आता ती हत्तीनं ओढली तरी उघडायची नाही), देशीची रुंद सीट बसवली, कॅरियर काढून टाकला आणि जुन्या पडद्याची नाडीवाली खोळ शिवली. बंदरावरच्या मासळीवालीनं आपल्या काट्यावर वजन करून दिलं, पावणेचौदा किलो. (काट्याला थोडी कोळंबी चिकटली होती, ती धरून.) घडी घालायला पहिल्या दिवशी मला चार मिनिटं लागली. आता पस्तीस सेकंद लागतात, तेही घड्याळ लावून. रोज संध्याकाळी गॅलरीत सराव करते, आणि शेजारणी पोरांना घेऊन बघायला येतात. यांनी बिल्डिंगभोवती दोन चकरा मारून पाहिल्या. गुडघे हँडलला आपटत होते, तरी 'बरी चालते' एवढं म्हणाले. नकाराचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून हे प्रशस्तिपत्रच समजायचं. तक्त्यात मी वजन, घडी, कडी, आवाज, खोळ आणि रंग असे सहा रकाने केले आहेत, आणि सहाही रकान्यांत सुधारलेली नारिंगी पहिली आली आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून मी प्रत्यक्ष प्रयोगाला गेले. खोळीतली सायकल होडीत ठेवली, गोमाजीनं बोचकं समजून काही विचारलं नाही. पण शेजारच्या बायकांना राहवेना. एकीला वाटलं शिवणयंत्र, दुसरीला वाटलं लग्नातल्या बँडचा ढोल. मी सायकल म्हटल्यावर त्या मला खोटं पाडायला लागल्या, आणि अण्णा, वर्गात असो की खाडीत, मला कुणी खोटं पाडलेलं खपत नाही. मी नाडी सोडली, कडी काढली आणि भर खाडीत सायकल उघडून दाखवली. सगळ्या बायका बघायला एका बाजूला आल्या, होडीही त्या बाजूला आली, आणि एका टोपलीतले दोन बोंबील आल्या वाटेनं परत गेले. गोमाजी मला जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण पलीकडे उतरल्यावर शांत झाला, आणि त्यानं न्याय दिला, 'बाय, बंद आसंल तं सामान, उघारली तं सायकल. बंद ठेवशील तं रोज नेतो.' मला याहून जास्त काय हवं होतं.

काठापासून शाळेपर्यंतचं अंतर मी सायकलीसह एक तास दहा मिनिटांत पार केलं. (रस्ता नीट पाहत गेले.) शाळा म्हणजे दोन खोल्या, वर कौलं, समोर चिंच. शाळा झाडायला येणारी शेवंती दाराशी बसली होती. ती म्हणाली, आधीचे सर आठवड्यातून दोनदा यायचे, भरती-ओहोटीच्या हिशोबानं; पोरं मात्र रोज येतात, अकरापर्यंत वाट बघतात आणि चिंचा पाडून घरी जातात. आणि मग माझ्याकडे न बघता, झाडू बाजूला ठेवत तिनं विचारलं, 'बाई, तुम्ही रोज येनार?'

मी म्हटलं, रोज येणार.

तर झालं ते असं. परत आले आणि होकार लिहून पोस्टात टाकला, यांना न सांगता. आज सकाळी सांगितलं. यांनी माझा तक्ता उलटा करून आपला मसुदा एकदा वाचला. काळजीचं काहीही कारण नाही. सायकल सज्ज आहे, होडी ठरली आहे, आणि तुझ्या बहिणीची घडी पस्तीस सेकंदांची आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी,
मंदा

ता. क. : आमसुलं पोचली. उत्तम आहेत.

ता. क. २ : अण्णा, मला सायकल येत नाही.

ते चार किलोमीटर मी चालत गेले, नारिंगी हातात धरून. हे फक्त तुला लिहिते, कारण यात तुझा हात आहे. एकाहत्तर साली ही मंडळी मला बघायला आली, तेव्हा तू माझ्या वतीनं सांगितलंस, स्वयंपाक येतो, शिवण येतं, पेटी येते, सायकल येते. स्वयंपाक येत होता. शिवण मी नंतर शिकले, पेटी वाजवायची वेळ आली नाही. सायकल तू मला शिकवलीच नव्हतीस. शेजारच्या मुलग्यांना शिकवलीस आणि मी मागितली तेव्हा 'तुला कुठं जायचंय' म्हणालास. तेव्हा मी रडले होते, ते तुला माहीत नाही. आता मला जायचं आहे. पंधरा जूनच्या आत आठ दिवस ये आणि शिकव. यांना एकवीस वर्षं वाटतंय की मला येते. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी मी खाली बघायची नाही. आपण पहाटे फिरायला जातो असं सांगू. आणि एक, सीट सोडशील तेव्हा सांगून सोड. फसवून शिकवतात तसं मला चालणार नाही.

ता. क. ३ : खाली यांना दोन ओळी लिहायला जागा ठेवली आहे. हे वरचं वाचणार नाहीत. दुसऱ्याचं पत्र न वाचणं ही यांची शिस्त.

ती. अण्णांस सुधीरचा सा. न. वि. वि.

वरचा मजकूर मी वाचलेला नाही. हिला सायकल येत नाही हे मला पहिल्याच दिवाळसणाला कळलं. तुमच्या अंगणात सायकल वाटेत उभी होती, ती सरकवायची सोडून ही तिला वळसा घालून जात होती. विचारलं असतं तर ही 'येते' म्हणाली असती, म्हणून आजवर विचारलं नाही. नकाराचा मसुदा त्याचसाठी लिहिला होता, हिच्यावर सांगायची वेळ येऊ नये म्हणून. तो आज फाडला. (तक्ता आधी वेगळा उतरवून ठेवला आहे.) भागशाळा मैदान पहाटे साडेपाचला रिकामं असतं, तीन दिवस जाऊन पाहून आलो. रविवारपर्यंत निघा. उजवीकडून तुम्ही धरा, डावीकडून मी धरतो. सोडताना दोघंही सांगून सोडू.