लोकरीची नेवरी

पेडणे, ११ ऑगस्ट
आईने सांगून टाकलं. "औंदा आमच्या घरांत तळण ना. वर्स जांव दी." बाबांना जाऊन तीन महिने, तिचंही बरोबर. पण कुंदाची लग्नानंतरची पहिली गणेश चवथ. डिचोलीला, तिच्या सासरी माहेरचं ओजें, भेटीची टोपली जाणार. फळं, नारळ, आणि करंज्या, आमच्या नेवऱ्या, नाहीत! माझी धाकटी बहीण चारचौघींत मान खाली घालून बसणार.

१४ ऑ.
शिवणवर्गात सुचलं. तळायला बंदी, विणायला नाही. एकच विणीन. बाजारात लोकर गुलाबी नि पोपटी. गुलाबी नेवरी कोण खाईल? (कोणीच खाणार नाही, पण तरी.)

१६ ऑ.
खुंटीवर बाबांचा मफलर. बदामी. दुपारभर बघत बसले. गेलेल्याची वस्तू शुभाच्या टोपलीत? सासूबाईंना कळलं तर कुंदाला जन्मभर ऐकावं लागेल. आई निजली होती. उसवला.

१७ ऑ.
बोटं तांबडी. बाबा सुर्लाच्या खाणीवर ट्रक चालवायचे, ती धूळ अजून टाक्यांत. धागा ओढत गेले, ओढत गेले... धुक्यात बाबा निघालेत, कान गुंडाळलेले, "येतां गो." मी दारात, लहान. चहा गार झाला तेव्हा कळलं किती वेळ गेला. लोकर धुवायला हवी होती. धुतली नाही.

२२ ऑ.
झाली! पहिली शिंपल्यासारखी दिसली, उसवली. पोटात शेवरीचा कापूस, कडेला मुरड, रंग जरा जास्त तळल्यासारखा. आई हातात घेऊन हसली, किती दिवसांनी. "लोकर खंयची?" "बाजारची." खोटं बोलले.

२५ ऑ.
मामा ओजें घेऊन पहिल्या बसने गेले. सारखी भीती वाटतेय.

२९ ऑ.
मामांच्या हाती कुंदाची चिठ्ठी. 'ताई, सासूबाईंनी नेवरी गणपतीवर टांगलेल्या माटोळीत बांधली, फळांच्या मधोमध. येईल त्याला दाखवतात. मी रंग ओळखला गं. इथे कुणाला बोलले नाही. उद्या विसर्जन. माटोळीतलं काही वाटतात, काही पाण्यात सोडतात. हिचं काय करायचं, सासूबाई विचारतात.'

संध्याकाळच्या बसला उत्तर द्यायचंय. आईला वाचून दाखवली, 'रंग ओळखला' तेवढं गाळून. आई रिकाम्या खुंटीकडे बघत होती.
"उदकांत सोडूं नाका म्हण," म्हणाली. मग खुंटीवरून हात फिरवून, "ताका थंडी सोसना."