हिरवा, पण पिकलेला

२ जुलै, बुध.
शाळा उघडली. २-ब ला पहिल्याच तासाला पुस्तकातलं 'पिकलेली फळं रंगवा' हे पान. फळ्यावर आंबा काढून दाखवला, रंग त्यांचा त्यांनी भरायचा. अडतीस कॉप्या तपासायला, आणि स्टाफरूमचा पंखा बंद. बारा पोरांनी आंबा हिरवागार केलाय. पुस्तकात पिवळा आहे. लाल पेनानं सपासप बारा फुल्या मारल्या, शेजारी 'कच्चा' लिहिलं. डोकं ठणकतंय.

३ जुलै
कॉप्या वाटल्या. शगुन उठून टेबलापाशी आली. हिचा बाप चौखंब्याच्या बाजारात फळांचा ठेला लावतो. रडणं नाही, काही नाही. "मॅडम, ई त लँगड़ा है. पका हुआ है. सूँघ के देखिए न." आणि चक्क कॉपी माझ्या नाकाशी धरली!
वर्ग हसला. मला हसू आलं नाही. लाज वाटली, अगदी खरं सांगायचं तर. सगळा जन्म इथे बनारसला, बालाजी घाटाच्या गल्लीत गेला, चाळीस वर्षं हाच हिरव्या सालीचा आंबा चोखून खाल्ला, आणि फुली मारली ती मीच.
घरी बाबांना सांगितलं. ते बादलीत भिजवलेले आंबे देठापाशी चाचपत होते. "अगं, लंगडा पिवळा पडला म्हणजे गेला कामातून. कोकणातले पाहुणे दरवर्षी विचारतात, हे अजून कच्चेच कसे म्हणून. तू काय पाहुणी आहेस का?"
झोंबलं.

४ जुलै
बाराही फुल्या खोडल्या. प्रत्येक पानावर 'गलती मॅडम की' लिहून खाली सही. शगुननं सही नीट निरखून पाहिली, मगच कॉपी दप्तरात टाकली.
दुपारी प्रिन्सिपल मॅडमचं (यापुढे प्रि.मॅ.) बोलावणं. पुढच्या शनिवारी ट्रस्टचे सेक्रेटरी येणार, मुलांची चित्रं बोर्डावर लागणार. "हरे वालों पर पीला चढ़वा दीजिए, बस. पाँच मिनट का काम है."
म्हटलं, नाही करणार.
"आपका रिन्यूअल भी इसी महीने है न?" आवाज काय गोड! माझं कंत्राट दर जुलैत नवं होतं, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. घर त्याच पगारावर चालतं, हेही.

८ जुलै, मंगळ.
प्रि.मॅ. स्वतः वर्गात आल्या. हातात पिवळ्या मेणखडूंचा डबा. माझ्या देखत पोरांना वाटले. हिरव्यावर पिवळा घासला की शेवाळाचा रंग होतो, तसे नऊ आंबे झाले. शगुननं कॉपी बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसली. खरंच बसली, मांडी घालून. तिचं बघून आणखी दोघं बसली.
मी बाकांमधून फिरून खडू गोळा केले. "किसी को कुछ नहीं चढ़ाना है." प्रि.मॅ. समोरच. तरी बोलले. बोलायलाच हवं होतं. फुली मी मारली होती ना!

१२ जुलै, शनि.
शगुनच्या बापाकडून दोन किलो लंगडा आणला. त्यानं एकेक हुंगून दिला. बोर्डाच्या मधोमध शगुनचं चित्र, खाली टेबलावर ताट, आंबे, सुरी.
सेक्रेटरी पक्के बनारसी. वास आल्याबरोबर थांबले. "वाह! असली है!" तीन फोडी खाल्ल्या, चौथी घेतली. मला वाटलं, जिंकलो. मग रुमालानं हात पुसले, वर बोर्डाकडे पाहिलं. "पर बहनजी, किताब में तो पीला ही दिया है न?"
साली त्यांच्याच बशीत पडल्या होत्या. हिरव्या.
सुटायच्या आधी कागद हातात: चुकीचं शिकवल्याबद्दल सोमवारपर्यंत लेखी खुलासा.

१३ जुलै
बाबा सकाळपासून मागे. "दोन ओळी माफीच्या लिहून टाक. आंब्यापायी नोकरी घालवतात का कुणी?"
"बाबा, पाहुणी आहे का मी?"
बाबांनी दौत आणून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "शाईच्या पेनानं लिही. बॉलपेन नको."
तीन ओळी लिहिल्या. बनारस में पका लँगड़ा हरा होता है. बच्चों ने सही रंग भरा. गलती मेरी थी, सुधार ली गई है.
भीती वाटतेय. तरी कागद तोच जाणार.

१७ जुलै, गुरु.
खुलासा देऊन तीन दिवस झाले. बाकीच्यांचे रिन्यूअलचे कागद आले, माझा नाही. कुणी काही सांगत नाही, मीही विचारत नाही.
२-ब. पुढचं पान पेरू. पुस्तकात हिरवा.
शगुनचा हात वर. "मॅडम, जाड़े में हमरे ठेले पर लाल वाला भी आता है. इलाहाबादी. वही बनाएँ?"
सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दारात प्रि.मॅ. उभ्या.
"बनाओ."
तिच्या डब्यात लाल खडू नव्हता. फुल्या मारायचं माझं लाल पेन होतं, ते देऊन टाकलं.